वाचकांचे प्रश्न : फोटो काढायला हातच धजत नाही

या वेळी लेन्स कुठली घ्यावी, फ्लॅश कसा वापरावा असे नेहमीचे प्रश्न कमी आले आणि 'पूर्वी जमायचं, आता जमेल असं वाटत नाही' या अर्थाची पत्रं जास्त आली, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिलीय. लांबलेली पत्रं थोडी कापलीत, मुद्दा मात्र कोणाचाच बदललेला नाही.

ताई, नमस्कार. नोकरी सांभाळून गेली सात वर्षं फोटो काढतोय. कोणाकडे शिकलो नाही, बघून बघून शिकलो. आधी सुट्टी आली की कॅमेरा घेऊन सुटायचो. गेल्या वर्षी एका स्पर्धेला दहा फोटो पाठवले, एकही पहिल्या फेरीच्या पुढे गेला नाही, आणि त्याच सुमारास इतरांचं काम इतकं बघितलं की आता कॅमेरा डोळ्याला लावला की वाटतं, हा फोटो कोणीतरी आधीच काढलाय आणि माझ्यापेक्षा भारी काढलाय. मग क्लिकच करत नाही. जुने फोटो उघडले की लाज वाटते. सोबत दोन फोटो पाठवतोय, एक धुक्यातल्या डोंगराचा, तो त्यातल्या त्यात बरा आहे, आणि एक आईचा, तो फसलाय पण का कोण जाणे डिलीट करवत नाही. आत्मविश्वास परत कसा आणायचा?

दोन फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मी धीर देण्यापलीकडे काही करू शकले नसते, आणि धीर द्यायला तुमचे मित्र आहेतच. तेव्हा फोटोंवरच बोलूया.

डोंगराचा फोटो स्वच्छ आहे. क्षितिज सरळ, हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, शाबूत, धुक्याचे थर छान सुटे दिसतात, झाड बरोबर एक तृतीयांशावर उभं. नाव ठेवायला जागा नाही. पण तो तुम्ही काढलाय की आणखी कोणी हे मला त्यातून कळत नाही, आणि तुम्हालाही कळत नसणार, म्हणूनच तुम्हाला वाटतं की हा आधीच कोणीतरी काढलाय. तुमचं ते वाटणं त्या फोटोपुरतं बरोबर आहे. तुमची नजर नीट काम करतेय, फक्त ती जे सांगतेय त्याचा अर्थ तुम्ही 'मला येत नाही' असा लावलात.

आता आईचा फोटो. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवतेय, चष्मा कपाळावर सरकवलेला, एक डोळा बारीक केलेला. खिडकी तिच्या मागे आहे त्यामुळे कॅमेऱ्यानं खिडकीचा उजेड धरून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवलं आणि चेहरा काळवंडला. डोक्याच्या मागून कॅलेंडरची पांढरी कड निघालीय आणि नजर सारखी तिकडे जाते. खाली डावं मनगट फ्रेमनं कापलंय. म्हणजे तीन गोष्टी फसल्या, मान्य. पण फोकस कुठे आहे बघा. चेहऱ्यावर नाही, दोऱ्याच्या टोकावर आहे. आई जिथे बघतेय तिथे तुम्ही फोकस टाकलाय आणि तो हुकलेला नाही, अगदी केसाइतक्या जागेवर बसलाय. हा निर्णय तुम्ही घेतलात, कुठल्या ट्युटोरियलनं नाही. हा फोटो दुसऱ्या कोणी आधी काढलेला नाही, काढूच शकत नाही. डिलीट करवत नाही ते म्हणूनच.

आणि त्या तीनही गोष्टी दुरुस्त होणाऱ्या आहेत. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड हातानं कमी-जास्त करायची सोय, एक-दीड स्टॉप वर न्यायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), खिडकी पांढरी होऊन गेली तरी चालेल, खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतंच. नाहीतर स्पॉट मीटरिंग करून, म्हणजे पूर्ण फ्रेम सोडून एका ठिपक्यापुरता, गालावरचा उजेड मोजायचा. अर्धं पाऊल उजवीकडे सरकलात की कॅलेंडर डोक्यामागे लपतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे स्वतः जागा बदलून बाजूनं काढायचा, की खिडकीचा उजेड गालावरून हातांवर येईल. फाइल रॉ असेल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता ठेवलेली, तर चेहऱ्याच्या सावल्या आत्तासुद्धा बऱ्यापैकी उचलता येतील, करून बघा.

एवढं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. 'माझे फोटो वाईट आहेत' या वाक्याला उत्तर नसतं, ते रात्रभर डोक्यात फिरत राहतं आणि सकाळी तेवढंच राहतं. 'या फोटोत चेहरा काळा का पडला' याला उत्तर आहे आणि ते पुढच्या फोटोत वापरता येतं. म्हणून आत्मविश्वास परत आणायच्या मागे लागू नका असं मी सांगेन, तो आणायला गेलं की येत नाही. शंका आहे ना मनात, राहू दे, फक्त तिला नेमका प्रश्न विचारायची सवय लावा. शंका मनात घेऊनही फोटो काढता येतो, शटरला त्याचं काही नसतं.

तर असं करा. जुन्यातले लाज वाटणारे तीस-चाळीस फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा, काय कमी पडलं त्याची. अट एकच, चांगला, वाईट, भारी, फालतू हे शब्द वापरायचे नाहीत. 'लांबून काढला', 'मागचं खांबाचं टोक डोक्यातून निघालंय', 'दुपारचा वरून पडणारा उजेड, डोळे काळ्या खड्ड्यात गेले', 'हात हलायच्या आधीच क्लिक केलं' अशा ओळी हव्यात. माझा अंदाज आहे की तीस फोटोंची तीस कारणं निघणार नाहीत, तीन-चारच निघतील आणि त्यातलं एक वारंवार येईल. शिकणाऱ्या लोकांच्या फोटोंत मला बहुतेकदा 'लांबून काढला' हे सापडतं. माणसाच्या जवळ जायला संकोच वाटतो, मग झूमनं भागवलं जातं आणि फोटो चोरून काढल्यासारखा दिसतो. तुमचं वेगळं निघेल कदाचित. जे निघेल तेवढ्याच एकावर पुढचे काही आठवडे काम करा, बाकीचं सोडून द्या.

इतरांचं काम बघून खचायला होतं त्याबद्दल. रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरनं १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून जे प्रसिद्ध काम केलं त्यात त्यानं फिल्मचे साडेसातशेहून जास्त रोल वापरले, म्हणजे २७ हजारांच्या वर फ्रेम, आणि पुस्तकात घेतले ते ८३. तीनशे फ्रेममागे एकसुद्धा पडत नाही. त्याच्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम ओळीनं छापलेला कागद, आता बघायला मिळतात. त्यात हलकेसे वेगळे, अर्धवट, चुकलेले फोटो रांगेनं आहेत आणि मध्येच तो एक फोटो आहे जो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही मोबाईलवर लोकांचे ते ८३ बघता आणि स्वतःच्या हार्ड डिस्कवर स्वतःचे २७ हजार. जमलं तर मोठ्या फोटोग्राफरांच्या कॉन्टॅक्ट शीट मुद्दाम शोधून बघा, तयार फोटो बघण्यापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं.

आणखी एक, काढलेले फोटो त्याच रात्री उघडू नका. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन फोटोग्राफर काढलेले रोल मुद्दाम बराच काळ, वर्ष वर्ष, न धुता ठेवायचा, कारण फोटो काढताना जे वाटलं होतं ते विसरल्याशिवाय फोटो नीट बघता येत नाही असं त्याचं मत होतं. त्यानं अतिच केलं म्हणा, १९८४ मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले. तुम्ही आठवडाभर थांबलात तरी पुष्कळ. त्या दिवशीचा थकवा आणि अपेक्षा उतरते आणि समोर नुसता फोटो राहतो.

स्पर्धेचं शेवटी, कारण ते त्यातलं सगळ्यात छोटं आहे. मोठ्या स्पर्धांत पहिल्या फेरीत परीक्षकांसमोर एका फोटोला फार तर काही सेकंद मिळतात, तिथे एका नजरेत कळणारे फोटो पुढे जातात आणि आईच्या फोटोसारखे, ज्यात दोऱ्याचं टोक शोधावं लागतं, ते मागे पडतात. दहांत आईचा फोटो होता का हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसावा. पुढच्या वेळी तसले पाठवा, आणि त्याआधी त्याच खिडकीशी परत आईला बसवा, यावेळी उजेड बाजूनं घेऊन. काढलात की मलाही पाठवा, मला खरंच बघायचाय.

मॅडम, मी समारंभांचे फोटो काढतो, त्यावरच घर चालतं. दोन महिन्यांपूर्वी एका लग्नाचं काम केलं, हॉलमध्ये उजेड खूप कमी होता, निम्म्याहून जास्त फोटोत चेहरे धूसर आले. पार्टी चिडली, माझी चूक होती त्यामुळे काही बोलताही आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक क्लिकनंतर स्क्रीन बघतो, झूम करून बघतो, तेवढ्यात पुढचा क्षण जातो. दोन कामं मी स्वतःहून नाकारली. असंच चाललं तर धंदा बंद करावा लागेल.

तुमचं दुखणं वेगळं आहे. वरच्या वाचकाचं नुकसान मनाचं होतं, तुमचं खरोखर एक काम बिघडलंय आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी परत न येणाऱ्या दिवसाचं होतं. तेव्हा भीती वाटली यात काही चुकीचं नाही, ती वाटायलाच हवी. पण भीतीला काम द्या.

आधी ते फोटो परत उघडा. अवघड जाईल पण उघडा, कारण 'धूसर' म्हणजे नक्की काय झालं हे तुम्हाला अजून माहीत नाही असं पत्रावरून दिसतं. चेहरा धूसर पण मागची भिंत किंवा शेजारच्याचा खांदा शार्प असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला. टेबल, खुर्च्या शार्प आणि माणसंच तेवढी ओघळलेली असतील तर शटर स्पीड, म्हणजे शटर किती झटकन उघडून मिटतं तो वेग, कमी पडला, माणसं हलली. सगळी फ्रेमच एका दिशेनं ओढल्यासारखी असेल तर तुमचा हात हलला. तिन्ही चुकांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि घाबरलेला माणूस तिन्हींवर एकच उपाय करतो, तो म्हणजे स्क्रीन बघत बसणं.

फाइलमध्ये शटर स्पीड लिहिलेला असतो तो बघा. कमी उजेडात अशा कामात हमखास सापडतं ते असं, की नॉइजच्या, म्हणजे फोटोत उमटणाऱ्या दाण्यांच्या, धास्तीनं आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, १६०० च्या वर नेलेला नसतो आणि शटर १/६० सेकंद किंवा त्याहून खाली गेलेला असतो. लेन्सला स्टॅबिलायझेशन असतं म्हणून वाटतं चालेल, पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचं हलणं नाही. बोलणाऱ्या हसणाऱ्या माणसांना १/२०० च्या आसपास ठेवा, नाचत असतील तर त्याच्याही वर, त्यासाठी आयएसओ ६४०० लागला तर लागू दे. दाणेदार फोटो लोक आनंदानं घरी लावतात, आणि हल्लीची सॉफ्टवेअर्स नॉइज चांगला काढतात. हललेला चेहरा मात्र कुठलंही सॉफ्टवेअर खात्रीनं परत आणून देत नाही. ऑटो आयएसओ वापरत असाल तर त्यात किमान शटर स्पीड ठरवून ठेवायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, ती लावली की उजेड बदलला तरी कॅमेरा त्याच्या खाली जात नाही.

स्क्रीनबद्दल नियम करा. प्रत्येक फोटोनंतर आपोआप फोटो दाखवणारं सेटिंग बंद करा. नवीन उजेडात गेलात, म्हणजे बाहेरून आत आलात, स्टेजचे दिवे बदलले, की दोन फोटो काढा, शंभर टक्के झूम करून एक डोळा बघा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा आणि मग कॅमेरा खाली घेऊ नका. तुम्ही तपासायचा उजेड आहे, प्रत्येक फोटो नाही. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्ड लागत असतील तर दोन्हींवर एकदमच रेकॉर्ड होऊ दे, तेवढी एक काळजी डोक्यातून जाते.

इथे मला अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची एक गोष्ट आठवते, सगळ्या फोटोग्राफरांनी ऐकलेली असते पण तुमच्यासाठी परत सांगते. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला चंद्र, बर्फाचे डोंगर आणि खाली स्मशानातले पांढरे क्रॉस दिसले, उन्हाचा शेवटचा तुकडा क्रॉसवरून सरकत होता. गाडी थांबवून मोठा कॅमेरा लावला आणि एक्स्पोजर मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. त्याला चंद्राची प्रखरता आकड्यात पाठ होती, २५० कँडल्स पर स्क्वेअर फूट, त्यावरून त्यानं एक्स्पोजर काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत ऊन गेलं. लोक ही गोष्ट प्रतिभेची म्हणून सांगतात, मला ती पाठांतराची वाटते. धांदलीत माणसाला आत्मविश्वास वाचवत नाही, आधीच हातात बसलेली गोष्ट वाचवते. आणि पुढचं कमी सांगितलं जातं, ती निगेटिव्ह प्रिंट करायला अत्यंत त्रासाची निघाली, जमिनीचा भाग इतका पातळ होता की काही वर्षांनी त्याला त्या भागावर केमिकल प्रक्रिया करावी लागली.

तेव्हा तुमचे आकडे पाठ करा. घरात संध्याकाळी एकच दिवा लावून घरच्यांना इकडून तिकडे चालायला सांगा आणि १/६०, १/१२५, १/२००, १/४०० ला काढून बघा, कुठे काय हलतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की हॉलमध्ये अंदाज बांधावा लागत नाही. आणि पुढची दोन-तीन कामं ओळखीच्या फोटोग्राफरबरोबर दुसरा कॅमेरा म्हणून करा. पैसे कमी मिळतील, पण मुख्य जबाबदारी दुसऱ्याची असली की हात मोकळा होतो.

त्या पार्टीला तुम्ही काय सांगितलंत हे पत्रात नाही. काहीच बोलला नसाल तर अजूनही फोन करा. उजेड नव्हता, हॉल तसाच होता ही कारणं देऊ नका, चुकलं एवढं म्हणा, जे फोटो चांगले आलेत ते मेहनतीनं करून द्या आणि पैशातला काही भाग परत करायची तयारी दाखवा. ते स्वीकारतील न स्वीकारतील. पण दोन महिने जो विषय तुम्ही टाळताय तो टळलेला नाही, तोच प्रत्येक क्लिकनंतर तुम्हाला स्क्रीनकडे बघायला लावतोय असं मला वाटतं.

ताई मी कॉलेजला आहे. मोबाईलवर फोटो काढते. आधी माझ्या फोटोंना खूप लाइक्स यायचे, आता तेच, उलट जास्त चांगले फोटो टाकते तरी निम्मेपण येत नाहीत. मैत्रिणी म्हणतात छान आहेत पण त्या सगळ्यालाच छान म्हणतात. माझे फोटो खरंच बिघडलेत का?

फोटो न बघता मी हे सांगू शकत नाही, आणि लाइक्सही सांगू शकत नाहीत. इन्स्टाग्रामनं २०१६ मध्ये फोटो वेळेच्या क्रमानं दाखवणं सोडून स्वतःच्या हिशेबानं दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून तुझा फोटो किती जणांपर्यंत पोचला हे आधी मशीन ठरवतं, आवडला का हा प्रश्न त्यानंतरचा. ज्यांनी फोटो बघितलाच नाही त्यांची नापसंती तू मनाला लावून घेतेयस.

मैत्रिणींचं म्हणशील तर दोष त्यांचा नाही, तू विचारतेस तो प्रश्न बिनकामाचा आहे. 'कसा आहे?' विचारलं की 'छान' हेच येणार. त्याऐवजी फोटो दाखव आणि विचार, 'तुझं लक्ष आधी कुठे गेलं?' आणि मग 'नंतर कुठे गेलं?' याला खोटं उत्तर देता येत नाही कारण बरोबर उत्तर कुठलं ते त्यांना माहीत नसतं. तुला जिथे लक्ष जायला हवं होतं तिथे गेलं तर फोटो जमला, मागच्या लाल बादलीकडे गेलं तर बादली बाहेर काढ. आणि अधूनमधून चार फोटो कागदावर प्रिंट करून भिंतीला लाव, महिनाभर. काही फोटो आठव्या दिवशी दिसेनासे होतात आणि एखादा दिसतच राहतो. तो का दिसत राहतो याचा विचार कर.

वय ५१. मुलं मार्गी लागल्यावर कॅमेरा घेतला, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त स्वतःसाठी. फोटोग्राफी ग्रुपमध्ये जाते तिथे सगळे तरुण, सगळ्यांना सगळं माहीत. मी नातवंडांचे, शेजारणींचे पोर्ट्रेट काढते, ते थोडे सॉफ्ट, म्हणजे किंचित धूसर, येतात, ग्रुपमध्ये एकानं सगळ्यांसमोर 'काकू, आधी फोकस शिका' असं म्हटलं. त्या दिवसापासून गेले नाही.

तसं म्हणणाऱ्याला शिकवता येत नाही, एवढंच त्यातून कळतं. पण तुम्ही जाणं बंद केलंत याचं मला फार वाईट वाटलं.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे नाव ऐकलंय का? जन्म १८१५ चा, कोलकात्यातला. तिला पहिला कॅमेरा १८६३ मध्ये मिळाला, मुलगी आणि जावयानं भेट दिलेला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. काचेवर ओलं रसायन लावून ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि धुवायचा, असा तो काळ. तिचे पोर्ट्रेट सॉफ्ट असायचे आणि त्या वेळच्या फोटोग्राफीच्या मासिकांनी तिला यावरूनच धारेवर धरलं होतं, हिला तंत्र येत नाही म्हणून. तरी १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं, तिचे फोटो विकत घेतले आणि १८६८ मध्ये तर तिला पोर्ट्रेट काढायला तिथल्या दोन खोल्या वापरायला दिल्या. आज पोर्ट्रेटचा विषय निघाला की तिचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

पण हे सांगून मी तुम्हाला सॉफ्ट फोटो काढत राहा असं सांगत नाहीये. कॅमेरॉनच्या काचांवर ओरखडे, बोटांचे ठसे, डाग असायचे आणि टीकाकारांचा तेवढा भाग काही खोटा नव्हता. फरक असा की फोकस कुठे थांबवायचा हे ती स्वतः ठरवत होती. तुम्ही ठरवून सॉफ्ट काढता की तसे येतात? येत असतील तर एक साधी गोष्ट तपासा, मुलं पळत असताना कॅमेरा सिंगल फोकसवर, म्हणजे एकदाच फोकस बसवून थांबणाऱ्या सेटिंगवर, आहे का. तो कंटिन्युअसवर, म्हणजे हलणाऱ्या माणसामागे फोकस सरकवत राहणाऱ्या सेटिंगवर, टाका, डोळे ओळखणारा ऑटोफोकस असेल तर सुरू करा, आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) अगदी उघडं न ठेवता जरा बंद करा, म्हणजे २.८ ऐवजी ४ किंवा ५.६, फोकसला थोडी जास्त जागा मिळते. तासाभरात फरक दिसेल. मग सॉफ्ट हवा असेल तेव्हा सॉफ्ट काढा आणि कोणी विचारलं तर हवा होता म्हणून सांगा.

ग्रुप तोच हवा असं नाही. दोन-तीन जणी मिळाल्या ज्या एकमेकींचे फोटो मन लावून बघतील, तर तो ग्रुप पुष्कळ झाला.

नवीन फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतला तर आत्मविश्वास वाढेल का? सध्याचा आठ वर्षं जुना आहे आणि मला वाटतं त्यामुळेच मी मागे पडतोय.

महिना दोन महिने वाढेल, नव्या वस्तूचा असतो तेवढा. त्यानंतर फोटो तेच येतील, फक्त फाइल मोठी. सध्याच्या कॅमेऱ्यामुळे नेमका कुठला फोटो निसटला हे तुम्ही तीन उदाहरणांनी सांगू शकलात, जसं की अंधारात फोकसच बसत नाही, पक्षी उडाला की कॅमेरा मागे राहतो, तर जरूर घ्या. सांगता आलं नाही तर थांबा.

मला आता फोटोग्राफी सोडायचीच आहे असं वाटतंय. वीस वर्षं केली. कॅमेरा विकून टाकू का? कशातच मन लागत नाही, फोटोतच नाही असं नाही, वाचन, गाणी, लोकांना भेटणं सगळंच नको वाटतं, पहाटे तीनला जाग येते ती येते. घरचे म्हणतात कॅमेरा घेऊन फिरून ये, बरं वाटेल. नाही वाटत.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करते.

सोडण्याबद्दल म्हणाल तर सोडणं हा काही गुन्हा नाही. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांनी १९७० मध्ये काम थांबवलं आणि त्यानंतर २०१२ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त, त्या या कामाकडे परत वळल्या नाहीत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं ते आधीच्या कामाला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरनं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅमेरा जवळपास बाजूला ठेवून चित्रं काढायला घेतली. मनापासून सोडावंसं वाटलं आणि सोडलं, तर वीस वर्षांचं काम कुठे जात नाही.

पण तुम्ही लिहिता ते मला तसं वाटत नाही. फोटोवरचं मन उडालं असतं तर गाणी राहिली असती, माणसं राहिली असती. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज असंच उदास वाटत असेल, कशातच गोडी नसेल, झोप अशी मोडत असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. कृपया डॉक्टरांना दाखवा, तुमचे नेहमीचे असतील तिथून सुरुवात करा नाहीतर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि पत्रात जे लिहिलंत ते पहाटेच्या जागेसकट जसंच्या तसं सांगा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच सांगा, घरच्यांपैकी एकाला बरोबर घेऊन जा, वाट बघू नका. घरचे म्हणतात ते प्रेमानं म्हणतात, पण कॅमेरा घेऊन फिरून येणं हे यावरचं औषध नाही, आणि फिरून आल्यावर बरं वाटलं नाही म्हणून तुम्ही कमी पडलात असंही नाही.

कॅमेरा आत्ता विकू नका. असल्या दिवसांत घेतलेला निर्णय पुढे आपला वाटत नाही, बरं वाटायला लागल्यावरही विकावासा वाटला तर तेव्हा विका. तोवर बॅटरी काढून ठेवा, आणि कॅमेरा कापडी बॅगेत घालून कपाटाच्या तळाशी मात्र टाकू नका, दमटपणानं लेन्सला बुरशी धरते आणि ती काचेच्या कोटिंगवर कायमचे डाग पाडू शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आत छोटा आर्द्रता मोजणारा काटा ठेवलात तर तो ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असू द्या, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला, हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगितलंत तरी चालेल.